मालमोटारीची धूरनळी : कारागिराकडून करून घ्यावी की तयार आणावी?

ऊस, कांदा, द्राक्षे यांसारखा माल वेळेवर कारखान्यात किंवा बाजारपेठेत पोहोचविणे हे पीक काढण्याइतकेच महत्त्वाचे काम आहे. ज्या शेतकरी बंधूंची किंवा सहकारी संस्थांची स्वतःची मालमोटार आहे, त्यांच्यापुढे हंगामाच्या ऐन भरात पुष्कळदा एक अडचण उभी राहते. धूरनळी गंजून फुटते किंवा सायलेन्सर गळून पडतो. जवळचा वेल्डिंगवाला एका दिवसात नवी नळी करून देतो. शहरातील दुकानात अन्य कारखान्यांनी बनविलेला तयार माल मिळतो. गाडीच्या कंपनीचा मूळ भागही मिळतो, परंतु तो बहुधा महाग असतो. यांपैकी काय निवडावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

धूरनळीचे कार्य

धूर बाहेर टाकणे, आवाज कमी करणे आणि विषारी वायू चालकापासून दूर नेणे ही धूरनळीची तीन कामे होत. नळी अरुंद झाल्यास धूर ढकलण्यातच एंजिनची काही शक्ती खर्ची पडते, चढावर गाडी ओढत नाही व डिझेल अधिक लागते. १०० मि. मी. आतील व्यासाच्या नळीऐवजी ७५ मि. मी.ची नळी बसविली, तर धुराचा मार्ग सुमारे ५६ टक्केच उरतो. म्हणून व्यासातील अल्प फरकही क्षुल्लक मानू नये. आवाज मोठा झाला म्हणजे शक्ती वाढली, हा समजही चुकीचा आहे.

नळी बहुधा आतून गंजते. एक लिटर डिझेल जळाले असता सुमारे एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. गाडी थोडेच अंतर धावून वरचेवर थांबत असेल, तर नळी पुरती तापत नाही व हे पाणी आतच साचते. शेत ते कारखाना अशा जवळच्या फेऱ्या करणाऱ्या गाड्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावे.

प्रथम गाडी कोणती ते पाहावे

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा ही मानके देशभर लागू झाली. या मानकांच्या डिझेल मालमोटारींच्या धूरनळीत काजळी अडविणारी गाळणी, युरियाच्या द्रावणाने धूर शुद्ध करणारे साधन व संवेदक बसविलेले असतात. अशा गाडीच्या या भागात गावठी जोडकाम करू नये. तेथे मूळ भागच घ्यावा. त्या साधनाकरिता ३२.५ टक्के युरियाचे शुद्ध द्रावण लागते. शेतात टाकावयाचा युरिया पाण्यात कालवून त्यात कधीही ओतू नये. त्यातील अशुद्ध द्रव्यांनी महागडे साधन निकामी होते.

जुन्या गाडीच्या बाबतीत मात्र निवडीस वाव आहे. केवळ मधली किंवा शेवटची नळी फुटली असल्यास कुशल कारागिराकडून ती करून घेण्यास हरकत नाही. सायलेन्सरचा डबाच गेला असल्यास त्याच नमुन्याच्या गाडीकरिता बनविलेला तयार सायलेन्सर घ्यावा. कारण डब्यातील पडदे व छिद्रांच्या नळ्या यांची रचना बाहेरून दिसत नाही व अंदाजाने साधत नाही.

कारागिराकडून करून घेताना

१. जुना तुकडा फेकू नये. तोच माप म्हणून द्यावा. आतील व्यास मोजून घ्यावा.

२. वाक चपटा होऊ देऊ नये. चपटा वाक म्हणजे अरुंद नळीच होय.

३. विहिरीवर पडलेला जस्ताचा मुलामा दिलेला पाण्याचा नळ वापरू नये. जस्त सुमारे ४२० अंश सेल्सिअसला वितळते, आणि भार ओढणाऱ्या एंजिनाजवळ धूर याहून अधिक तापतो. अशा नळावर वेल्डिंग करताना निघणाऱ्या धुराने कारागिरास ताप भरतो.

४. एंजिनाजवळ लवचिक जोड असल्यास तो काढून सरळ नळी जोडू नये. एंजिनाच्या हादऱ्याने अन्य सांधे तडकतात.

५. वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या तारा सोडाव्यात व शक्य तर नळी गाडीवरून उतरवूनच काम करावे.

तयार माल घेताना

गाडीचा नमुना व उत्पादनाचे वर्ष दुकानदारास सांगावे. जुन्या व नव्या भागाची लांबी, फ्लँजच्या भोकांमधील अंतर, टांगण्याच्या कड्यांच्या जागा व वजन ताडून पाहावे. वजन फार कमी भरल्यास पत्रा पातळ असण्याचा संभव असतो. केवळ लोहचुंबकावर विसंबू नये, कारण धूरनळ्यांकरिता वापरले जाणारे काही गंजरोधक पोलादही चुंबकास चिकटते. पावती व हमीपत्र अवश्य घ्यावे.

खर्चाचा हिशेब

समजा, कारागिराची नळी ४,००० रुपयांत होते, एक वर्ष टिकते व तिच्याकरिता गाडी एक दिवस थांबते. तयार नळी ९,००० रुपयांस पडते, तीन वर्षे टिकते, परंतु ती आणून बसविण्यास दोन दिवस जातात. गाडी थांबल्यास दररोज ३,००० रुपये बुडतात असे धरू. तीन वर्षांत पहिलीचा खर्च २१,००० व दुसरीचा १५,००० रुपये होतो. मात्र गाडी एकच हंगाम चालवून विकावयाची असेल, तर हेच आकडे ७,००० व १५,००० असे होतात. म्हणजे स्वस्त कोणती हे किमतीवरून न ठरता गाडी किती काळ चालवावयाची यावरून ठरते. प्रत्येकाने आपले खरे आकडे घालून हा हिशेब करावा.

कायदा व जीविताची सुरक्षितता

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वये सायलेन्सर आवश्यक आहे. ट्रॅक्टरही त्यातून सुटलेला नाही. मालमोटारीचा धूर सामान्यतः खाली किंवा डाव्या बाजूस सोडता येत नाही, आणि इंधनाच्या नळीपासून धूरनळी ३५ मि. मी.च्या आत असता कामा नये. आवाज व धूर यांविषयीच्या मानकांचा भंग झाल्यास पहिल्या गुन्ह्याकरिता तीन महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

दंडाहून मोठे भय निराळेच आहे. धुरातील कार्बन मोनॉक्साइड या वायूस रंग नाही, वासही नाही. फुटलेल्या सांध्यातून तो केबिनमध्ये शिरतो. गव्हाणीवर रांगेत थांबले असता एंजिन चालू ठेवून काचा लावून झोपणाऱ्या चालकाच्या व मजुरांच्या जिवास त्यापासून धोका असतो. डोके दुखणे, मळमळणे, गरगरणे ही त्याची लक्षणे होत. ती जाणवताच एंजिन बंद करून मोकळ्या हवेत यावे. तसेच कडबा किंवा पाचट भरलेल्या हौद्याजवळून जाणाऱ्या तापलेल्या नळीने आग लागू शकते. तेथे पत्र्याची आड अवश्य लावावी.

नळी कोणतीही बसविली तरी आठवड्याने सर्व सांधे पाहावेत. काळी रेघ दिसल्यास तेथून धूर गळतो असे समजावे. पहिल्या महिन्यात तोच रस्ता व तेवढाच भार धरून डिझेलचा खर्च लिहून ठेवावा. ग्रामकार्यकर्त्यांनी हंगामापूर्वी गावातील मालमोटारी व ट्रॅक्टर यांची एक दिवस अशी तपासणी घडवून आणावी. आश्विनात एका दिवसात आटोपणारे हे काम ऐन गळीत हंगामात दोन दिवस खाते.