द्रावक-निष्कर्षण संयंत्र घेताना

वनस्पतीतील तेल किंवा अर्क द्रावकाने काढणारे संयंत्र विकत घेताना लहान उद्योजकाचे लक्ष बहुधा निष्कर्षकावर, म्हणजे ज्या पात्रात कच्चा माल द्रावकाने भिजवून त्यातील तेल द्रावकात उतरवले जाते त्या पात्रावर, खिळलेले असते. त्याची क्षमता किती, पोलाद कोणत्या प्रतीचे, उतारा किती पडेल, एवढे विचारून झाले की सौदा पक्का होतो. या धंद्यातला अनुभव मात्र असा आहे की निष्कर्षकामुळे कारखाना क्वचितच बसतो. तो बसतो द्रावक परत मिळवणाऱ्या भागामुळे, आणि किंमत कमी करून मागितली की विक्रेता पहिली कात्री याच भागाला लावतो.

सोयाबीन, भाताचा कोंडा किंवा सरकीची पेंड यांसाठी वापरला जाणारा द्रावक म्हणजे हेक्झेन, पेट्रोलियमपासून मिळणारा आणि सुमारे ६३ ते ६९ अंश सेल्सिअसला उकळणारा द्रव. तेल विरघळलेल्या हेक्झेनला कारखान्यात मिसेला म्हणतात. तो तापवून हेक्झेनची वाफ करायची, ती संघनित्रात थंड करून द्रव परत मिळवायचा आणि पुन्हा निष्कर्षकात सोडायचा, असे हे चक्र आहे. या चक्रातून द्रावक निसटण्याच्या वाटा चार: तेल काढून उरलेली पेंड, खुद्द तेल, संघनित्रातून न थिजता बाहेर जाणारी हवा आणि सांडपाणी. हवेतील शेवटची वाफ खनिज तेलात शोषून घेणारा मनोरा आणि सांडपाणी सोडण्यापूर्वी ते तापवून त्यातील हेक्झेन उडवून परत घेणारे पात्र हे दोन भाग स्वस्त दरपत्रकातून हमखास गायब असतात. रोज दहा टन माल चालवणाऱ्या घटकात टनामागे दहा लिटर द्रावक निसटत असेल, तर दिवसाला शंभर लिटर हवेत, पाण्यात किंवा मालात जातात, आणि उताऱ्यात अर्धा टक्का जास्त मिळवून ते भरून निघत नाहीत.

हळदीच्या बाबतीत फसगत आणखी खोल असते. २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली सांगलीची हळद जवळ, बाजार जवळ, तेव्हा हळदीचे ओलिओरेझिन, म्हणजे रंग, सुगंधी तेल आणि राळ एकत्र असलेला दाट अर्क, काढावा असा विचार साहजिक आहे. आणि बंद पडलेल्या सोयाबीनच्या कारखान्याचे यंत्र निम्म्या किमतीत मिळत असेल तर मोह आवरत नाही. परंतु हळदीला रंग देणारे करक्युमिन हेक्झेनमध्ये जवळजवळ विरघळत नाही. हेक्झेन तिच्यातील तेल तेवढे घेऊन येते, म्हणून ॲसिटोन किंवा इथाइल ॲसिटेट यांसारखा द्रावक वापरावा लागतो. येथूनच जुन्या यंत्राचा प्रत्येक भाग विरोधात जाऊ लागतो. हेक्झेन आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, त्यामुळे हेक्झेनच्या संयंत्रात संघनित द्रव एका साध्या टाकीत स्थिर ठेवला की पाणी तळाशी बसते व हेक्झेन वरून काढून घेता येते. ॲसिटोन पाण्यात कोणत्याही प्रमाणात मिसळते, म्हणून ती टाकी निरुपयोगी ठरते आणि दोहोंना वेगळे करण्यासाठी भागशः ऊर्ध्वपातनाचा, म्हणजे उत्कलनबिंदूंतील फरकाच्या आधारे द्रव वेगळे करणारा, उंच स्तंभ नव्याने उभारावा लागतो. वाळवलेल्या हळदीतही साधारण दहा टक्के ओलावा असतो आणि प्रत्येक घाणीबरोबर त्यातील काही भाग द्रावकात उतरतो. स्तंभ नसेल तर काही घाण्यांनंतर कामगार ज्याला ॲसिटोन समजून वापरत असतात ते पाणीमिश्रित ॲसिटोन असते, जे करक्युमिन कमी आणि शर्करेसारखे नको ते पदार्थ जास्त ओढून आणते. चोथ्यातील द्रावक काढण्यासाठी जुन्या यंत्रात थेट वाफ सोडण्याची सोय असते. तीही या पाण्यात भरच घालते.

सर्वांत क्षुल्लक दिसणारी गोष्ट गॅस्केटची. दोन नळ्यांच्या जोडात, काचेच्या निरीक्षण-खिडकीखाली आणि पंपाच्या सीलमध्ये बसवलेली व्हायटॉन जातीच्या रबराची कडी हेक्झेनमध्ये उत्तम टिकते. तीच ॲसिटोनमध्ये फुगते, मऊ पडते आणि जागा सोडते, आणि मग जोडाखाली थेंब दिसू लागले की फिटर बोल्ट आणखी आवळतो, ज्याने कडी अधिकच चिरडली जाते. अशा ठिकाणी टेफ्लॉनची गॅस्केट लागतात, आणि ती यंत्र घेतानाच एकूण एक बदलावीत. जुन्या यंत्राला रंगाचा नवा हात दिलेला असतो. आतली रबरे तशीच असतात.

दळणाच्या बाबतीतही तेलबियांची सवय उपयोगी पडत नाही. सोयाबीनचे दाणे लाटून सुमारे ०.३ मिलिमीटर जाडीचे पापुद्रे केले की द्रावक त्यांच्या थरातून सहज झिरपतो. हळदीची बारीक पूड मात्र दबून बसते, द्रावक तिच्यातून वाट फोडून एकाच बाजूने वाहतो आणि उरलेला थर कोराच राहतो. भरड दळण किंवा दाबून केलेल्या गोळ्या हाच त्यावर उपाय, आणि तो निष्कर्षकाच्या किमतीत धरलेला नसतो.

धोक्याविषयी थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे. हेक्झेनची वाफ हवेच्या जवळजवळ तिप्पट जड असते, त्यामुळे ती वर निघून न जाता जमिनीलगत, खड्ड्यांत आणि गटारांत साठते. हवेत तिचे प्रमाण १.१ टक्क्याच्या आसपास गेले की ठिणगीने भडका उडू शकतो, आणि एक लिटर हेक्झेन पूर्ण उडाले तर लहानशा खोलीएवढी, सुमारे १७ घनमीटर हवा त्या पातळीला पोहोचते. अमेरिकेतील लुईव्हिल शहरात १३ फेब्रुवारी १९८१ रोजी सोयाबीन प्रक्रिया कारखान्यातून सांडपाण्याच्या वाहिनीत शिरलेले हेक्झेन पेटले आणि दोन मैलांहून अधिक लांबीचे रस्ते फुटले. म्हणून कारखान्याचे सांडपाणी, हेक्झेन अडवून धरणाऱ्या कुंडातून गेल्याशिवाय, बाहेरच्या गटाराला जोडू नये. विजेची उपकरणे ज्वालारोधक, म्हणजे आतला स्फोट बाहेर पोहोचू न देणाऱ्या आवरणाची, असावी लागतात. पण जुन्या मोटारीवर प्रमाणपत्राची पट्टी शाबूत असली तरी तिची वायंडिंग गावातल्या दुकानात पुन्हा भरताना आवरणाचे काटेकोर घासलेले पृष्ठभाग खरवडले गेले असतील, किंवा झाकणाचा एखादा बोल्ट हरवला असेल, तर त्या पट्टीला अर्थ उरत नाही. हेक्झेनचा साठा पेट्रोलियम नियम, २००२ खाली अ वर्गात मोडतो. त्या परवान्यांचे काम पाहणाऱ्या ‘पेसो’चे, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेचे, मुख्यालय नागपुरातच आहे, तेव्हा जागेचा आराखडा यंत्राची आगाऊ रक्कम देण्यापूर्वी तपासून घ्यावा. इथेनॉल वापरायचे असल्यास राज्य उत्पादन शुल्क विभागाची परवानगी वेगळी लागते.

निर्यातीचा विचार असेल तर मालात उरणाऱ्या द्रावकाची मर्यादा सौद्यातच लिहून घ्यावी. अमेरिकेत मसाल्यांच्या ओलिओरेझिनमध्ये हेक्झेन दशलक्षात २५ भाग आणि ॲसिटोन ३० भाग यांहून अधिक चालत नाही. दाट, चिकट अर्कातून हे शेवटचे अंश काढायला चांगला निर्वात पंप आणि भरपूर वेळ लागतो, आणि उष्णता वाढवून वेळ वाचवू पाहिल्यास सुगंधी तेल उडून जाते.

करारात क्षमतेपेक्षा दोन आकडे महत्त्वाचे: टनामागे किती द्रावक खर्च होईल आणि अर्कात किती उरेल. चाचणी विक्रेत्याच्या निवडक मालावर न होता खरेदीदाराच्या स्वतःच्या मालावर, सलग काही दिवस, टाकीतील द्रावक आधी व नंतर मोजून व्हावी, आणि शेवटचा हप्ता तोवर राखून ठेवावा. ही चाचणी डिसेंबरात उरकण्याची घाई विक्रेत्याला असते. कारण कूलिंग टॉवरचे पाणी तेव्हा गार असते आणि अपुरे संघनित्रही पुरेसे वाटते, तर ५६ अंशांना उकळणारे ॲसिटोन एप्रिल-मेच्या कोमट पाण्याने नीट थिजत नाही आणि वरच्या नळीतून निघून जाते. हप्त्याची तारीख उन्हाळ्यानंतरची धरावी.