येझदीचं हवेचं रबर: जुगाड कुठे चालतो, कुठे अंगाशी येतो

जुन्या येझदीचं इंजिन उघडायला माणसं हसत पाचआकडी खर्च करतात आणि फिल्टरच्या डब्यापासून कार्बोरेटरपर्यंत जाणारं तीन-चारशे रुपयांचं रबर फाटलं, की त्याला चिकटपट्टी गुंडाळतात. मीही गुंडाळली होती, म्हणून हे लिहितोय.

म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना १९६१ ते १९९६ चालला. म्हणजे तिथली शेवटची येझदीसुद्धा आता तिशीच्या आसपास आहे आणि तिशीतलं रबर वाळक्या भाकरीसारखं तुटतं. नवे भाग मिळतात ते नकली साच्यांतले. पुण्यात नाना पेठ, दिल्लीत करोल बाग. तिथून कुरिअरने साधारण २५० ते ४०० रुपयांत रबर घरपोच येतं. (खालचे सगळे आकडे ढोबळ आहेत, दुकानागणिक बदलतील.) ते बसलं तर पुढचं वाचायची गरज नाही. पण पुष्कळदा ते तोंडाशी दोन-तीन मिलिमीटर सैल असतं, नाहीतर इतकं कडक, की खड्ड्यात गाडी आपटली की निसटतं.

जुगाड करण्याआधी मनात कार्बोरेटरच्या मधोमध एक रेघ ओढा. रेघेच्या फिल्टरकडच्या बाजूला हातचलाखी चालते. इंजिनकडच्या बाजूला नाही. फिल्टरकडे फट राहिली तर धूळ जाते, मिश्रण थोडं बिघडतं, गाडी कुरकुरते. इंजिनकडे फट राहिली तर पेट्रोलशी मोजमाप न झालेली हवा थेट आत शिरते. बहुतेक येझदींत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं, त्यामुळे पेट्रोल कमी पडलं की ऑइलही कमी पडतं. मग घाटात, भर लोडवर, पिस्टन जाम. पिस्टन, रिंगा, बोरिंग आणि मजुरी धरून पाच-सात हजारांच्या आत सुटका होत नाही.

आता फिल्टरकडची बाजू. बहुतेक जण पहिल्यांदा कारच्या रेडिएटरचा होज कापून लावतात. दिसायला फक्कड, वळणही तयार मिळतं, शंभर-दीडशेत काम होतं. पण तो होज गरम पाण्यासाठी बनलेला असतो, पेट्रोलसाठी नाही. येझदीच्या इंजिनात वेगळी झडप नाही, पिस्टनच वाट उघडतो आणि बंद करतो. त्यामुळे कमी वेगात थोडी पेट्रोल-ऑइलची वाफ उलट मागे फेकली जाते आणि ती बसते नेमकी या रबरात. मी एकदा लावलेला सायकलच्या ट्यूबचा तुकडा महिनाभरात भज्यासारखा फुगला होता. रेडिएटरचा होज जरा जास्त दिवस काढतो, एवढाच फरक. सायकलची ट्यूब घरापर्यंत पोचायला ठीक आहे, पुढे नको.

त्याऐवजी रबराच्या दुकानात जाऊन नायट्राइल रबराचा, म्हणजे पेट्रोल-ऑइलला टिकणारा होज मागा. कारच्या टाकीत पेट्रोल ओततो त्या तोंडापासून टाकीपर्यंत जाणारी जाड नळी याच जातीची असते. भंगारवाल्याकडे ती पन्नास-शंभरला सुटते. पुण्यात जुन्या बाजारात रविवारी किंवा बुधवारी चक्कर मारा, पण खिशात व्हर्नियर ठेवा. कार्बोरेटरच्या तोंडाचा बाहेरचा व्यास आणि डब्याच्या तोंडाचा व्यास सारखे नसतात. लहान मापाचा होज घ्या, गरम पाण्यात पाच मिनिटं बुडवा, मग मोठ्या तोंडावर चढवा. दोन्हीकडे स्क्रूच्या होज क्लिपा, वीस-तीस रुपयांना एक. तारेने आवळू नका, तार रबर कापते.

दुकानदार नायट्राइल म्हणतो म्हणून विश्वास ठेवायची गरज नाही. बोटभर तुकडा मापून घ्या, उघड्यावर, विस्तवापासून लांब, झाकणाच्या डबीत पेट्रोलमध्ये रात्रभर ठेवा आणि सकाळी पुन्हा मापा. ठळक फुगला तर परत करा. सिलिकॉनचे रंगीत होजही या परीक्षेत नापास होतात आणि फटीत भरायचं सिलिकॉन तर पेट्रोलने मऊ होऊन कार्बोरेटरकडे ओढलं जातं. ते मुळीच वापरू नका.

फिल्टरचा फोम गेला असेल तर सोफ्याचा स्पंज भरू नका, त्याचे तुकडे सुटून आत जातात. दुसऱ्या गाडीचा फिल्टर-फोम शंभर-दीडशेला घ्या, मापाने कापा, टू-टी ऑइलचे चार थेंब चोळून पिळा. कागदी फिल्टर मागे येणाऱ्या तेलाने लवकर चोंदतो.

पाचशे-आठशेचा कोन फिल्टर लावून डबाच काढून टाकायचा मोह होईल. लावा, पण मग हवा वाढते, म्हणून मेन जेट मोठा करावा लागतो. दोन-तीन जेट, प्लग आणि मेकॅनिकच्या दोन फेऱ्या मिळून आणखी हजारभर. शिवाय जावा-येझदी पन्नास वर्षांपलीकडची असेल तर २०२१च्या नियमांनी तिला ‘व्हीए’ मालिकेतली व्हिंटेज नोंदणी मिळू शकते. नव्या नोंदणीची फी २० हजार आहे आणि गाडी मूळ रूपात असावी लागते. मूळ डबा कापू नका, माळ्यावर ठेवा.

आता रेघेच्या इंजिनकडे. इथे फक्त तीन कामं: ऑइलला टिकणाऱ्या पॅकिंग शीटचं नवं पॅकिंग (पन्नास रुपये), नट फार आवळल्याने कार्बोरेटरचा फ्लँज वाकला असेल तर तो काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासून सरळ करणं (स्वतः केलं तर फुकट), आणि कार्बोरेटर व इंजिनच्या मधला उष्णतारोधक तुकडा तडकला असेल तर लेथवाल्याकडून हायलम शीटचा कापून घेणं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा भोसरीत तीनशे-पाचशेत होईल. ॲल्युमिनियमचा करू नका, इंजिनाची उष्णता थेट कार्बोरेटरला पोचते.

सगळं बसल्यावर गाडी आयडलला ठेवा आणि झाडांना मारायच्या फवाऱ्याने जोडावर साधं पाणी मारा. इंजिनचा आवाज बदलला तर तिथे गळती आहे. काही मेकॅनिक यासाठी पेट्रोल टाकतात. तापलेल्या इंजिनावर तो खेळ नको. नंतर दहा किलोमीटर चालवून प्लग काढा. बिस्किटासारखा तपकिरी असेल तर ठीक. पांढरा असेल तर घाटात जाऊ नका, आधी फट शोधा. चोक ओढल्यावर गाडी बरी चालते, याचाही अर्थ तोच.

नायट्राइल होज, क्लिपा, फोम आणि पॅकिंग, एवढ्याचा माझा खर्च साडेचारशेच्या आसपास गेला. लेथकाम निघालं तर हजाराच्या आत बसतं. आणि फाटकं जुनं रबर फेकू नका: रबर मोल्डिंगवाला साचा करायला नमुना मागतो, आणि तोच हाती नसेल तर दहा-वीस येझदीवाले मिळून साचा करायला निघालात तरी काम अडतं.