थंडीत पळालं की कॅलरी जास्त जळतात?

प्रश्न: मी निफाडला राहतो, वजन 70 किलो. रोज पहाटे 5 किलोमीटर पळतो. डिसेंबरात पारा 6-7 अंशांवर येतो, तेव्हा कॅलरी जास्त जळत असतील ना? घड्याळ तर उन्हाळ्यापेक्षा कमीच आकडा दाखवतं!

उत्तर: फारसा फरक पडत नाही. सपाट रस्त्यावर पळताना दर किलोला, दर किलोमीटरला साधारण 1 किलोकॅलरी खर्च होते. म्हणजे तुमचे 70 गुणिले 5, सुमारे 350. स्नायू खर्च केलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव भाग कामी लावतात, बाकीची उष्णता होऊन बाहेर पडते. त्यामुळे पहिल्या काही मिनिटांनंतर शरीराला ऊब आणायला वेगळं काही जाळावंच लागत नाही. हुडहुडी भरली तर खर्च खरोखर वाढतो, पण पळणारा माणूस सहसा कुडकुडत नाही. कानटोपी-जॅकेटच्या ओझ्याचा हिशेब तर सोडूनच द्या.

घड्याळाचं म्हणाल, तर ते बहुधा नाडीच्या ठोक्यांवरून अंदाज बांधतं. उन्हाळ्यात शरीर थंड ठेवायला रक्त त्वचेकडेही पाठवावं लागतं, त्याच वेगाला ठोके वाढतात आणि आकडा उगाच फुगतो. थंडीत ते होत नाही. शिवाय गारठ्याने मनगटाच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि घड्याळाखालचा हिरवा दिवा ठोके चुकीचे मोजतो. पट्टा मनगटाच्या हाडाच्या दोन बोटं वर, जरा घट्ट आणि बाहीच्या आत बांधून पाहा.