तक्रार आधी, विमान नंतर

आखातात कुणाचा पगार अडकला की आपल्याकडे पहिला सल्ला मिळतो तो गप्प राहण्याचा: लेबर ऑफिसात गेलास तर व्हिसा जाईल, मालकाशी गोडीगुलाबीने घे. रत्नागिरी-रायगडपासून गोव्यापर्यंत ज्या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसं दुबई-अबुधाबीला गेली, तिथेही हा सल्ला मायेपोटीच दिला जातो. तरीही तो घातक आहे, असं माझं ठाम मत आहे. संयुक्त अरब अमिरातीत कामगाराचे हक्क कायद्यात बऱ्यापैकी स्पष्ट लिहिलेले आहेत आणि ते वसूल करून देणारं मनुष्यबळ मंत्रालयही आहे. मात्र हे सरकारी खातं आधी कागद बघतं, माणसाची हकिगत नंतर ऐकतं. तेव्हा कागद खरा हवा आणि तक्रार वेळेत हवी.

कागदाची सुरुवात घर सोडण्याआधी होते. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’चा शेरा असतो आणि अमिराती, सौदी, कतार यांसह 18 देशांत नोकरीला जाताना त्यांना 1983 च्या कायद्यानुसार सरकारी परवानगी लागते. ती ई-मायग्रेट पोर्टलवरून मिळते. ही कटकट टाळायला एजंट सरळ व्हिजिट व्हिसा काढून देतो आणि ‘तिकडे पोचल्यावर बदलून घेऊ’ म्हणतो. त्या क्षणी तुम्ही सरकारदरबारी कामगार उरत नाही, पर्यटक होता. करार कुठेच नोंदलेला नसतो, आणि परवानगीसोबत सक्तीने काढावा लागणारा 10 लाखांचा प्रवासी भारतीय विमाही हातून जातो. नोंदणीकृत एजंटाला 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच घेता येतं. त्याहून जास्त मागणारा आणि पावती न देणारा एजंट पुढे अडचणीत पाठीशी उभा राहील, ही आशा सोडा.

ऑफर लेटरमध्ये सगळे एकूण पगार बघतात, मी ‘बेसिक’ बघायला सांगेन. समजा, महिन्याला 1,500 दिरहम ठरले, पण कागदावर बेसिक 800 आणि बाकी भत्ते. एक वर्ष पूर्ण झालं की ग्रॅच्युइटी लागू होते आणि पहिल्या पाच वर्षांत ती दरवर्षी 21 दिवसांच्या बेसिकवर मोजतात. म्हणजे पाच वर्षांनी हाती 2,800 दिरहम येतील. तेच बेसिक 1,500 असतं तर 5,250 आले असते. यात बेकायदा काहीच नसतं, म्हणून नंतर तक्रारीलाही जागा नसते. तिथे ऑफर लेटर हिंदीतही मिळतं. मराठीत मिळत नाही, पण हिंदी आपल्याला वाचता येतं, तेव्हा ते मागून घ्या. तीच गोष्ट पगाराची. 2009 पासून पगार बँक किंवा एक्स्चेंजमार्फत, सरकारला दिसेल असा द्यावा लागतो. काही मालक पूर्ण पगार खात्यात टाकतात आणि त्यातला हिस्सा रोख परत मागतात. तो एकदा दिलात की सरकारी नोंदीत पगार पूर्ण मिळालेला दिसतो आणि तुमचाच पुरावा तुमच्याविरुद्ध जातो.

तक्रार केली की नोकरी जाते, हा आक्षेप खोटा नाही, असं घडतं. पण खरी तक्रार केली म्हणून काढून टाकणं तिथल्या कायद्यात बेकायदा आहे आणि त्यासाठी तीन महिन्यांच्या पगारापर्यंत भरपाई मिळू शकते. अधिक धोका वेगळ्याच गोष्टीत आहे. वैतागून कामावर जाणं आधी बंद करायचं आणि तक्रारीचा विचार मागाहून करायचा, तेवढ्यात मालक ‘फरार’ म्हणून नोंदवून मोकळा होतो. म्हणून तक्रार आधी नोंदवा. निकालाला फार वेळ लागतो, हेही मला मान्य आहे आणि बिनपगारी दिवस काढणं किती जड जातं हे मी हलकं मानत नाही. मात्र 2024 पासून 50,000 दिरहमपर्यंतच्या दाव्यावर मंत्रालय स्वतःच निर्णय देतं. लहान पगाराच्या माणसाचं बहुतेक येणं याच मर्यादेत बसतं.

भारतीय दूतावास आहे की, असं काहींना वाटतं. दूतावास आणि दुबईतली वकिलात कायद्याचा सल्ला देतात, भारतीय समुदाय कल्याण निधीतून मदत करतात आणि ‘मदद’ पोर्टलवर तक्रार घेतात. पण परक्या देशातल्या मालकाला पगार द्यायला लावण्याचा हुकूम काढण्याचा अधिकार त्यांना नाही. ती तक्रार तिथल्या मंत्रालयातच नोंदवावी लागते. मे 2020 मध्ये, कोरोनाकाळात, ‘वंदे भारत’ मोहिमेच्या विमानांनी परतलेल्यांत थकलेला पगार आणि ग्रॅच्युइटी तिथेच सोडून आलेले कामगार होते. भारतातून ती रक्कम वसूल करणं फार अवघड. परतणं अटळच असेल तर निघण्याआधी तक्रार नोंदवा, तिचा क्रमांक घरी कळवा आणि वकिलातीत साक्षांकित केलेलं मुखत्यारपत्र विश्वासातल्या माणसाला द्या. आणि शेवटच्या दिवशी ‘सर्व हिशोब मिळाला’ अशा कागदावर सही मागतील, तिकीटही समोर ठेवतील. पैसे खात्यात जमा झाल्याशिवाय ती सही करू नका.