दातांची कळ आणि टूथपेस्टची कसोटी

माठातले गार पाणी तोंडात घेताच एखाद्या दातातून सणकन् कळ जावी, कैरीची फोड चावताच डोळ्यांत पाणी यावे, हा अनुभव पुष्कळांना आहे. मग कोणी एखाद्या टूथपेस्टची थोरवी सांगतो, आपण ती आणतो, आणि पंधरा दिवसांत कळ कमी झाली की सारे श्रेय त्या नळीला देतो. हा निर्णय खरा कशावरून? प्रस्तुत लेखात याचाच विचार करावयाचा आहे.

प्रथम कळ का येते ते पाहू. दाताच्या वरच्या कठीण थरास दंतवल्क म्हणतात. त्याखाली दंतिन असते. त्यात आतल्या मऊ गाभ्याकडे जाणाऱ्या सूक्ष्म नलिका असतात; एका चौरस मिलिमीटरमध्येही त्या हजारोंनी मोजाव्या लागतात. हिरडी मागे सरकली किंवा दंतवल्क झिजले, की या नलिकांची तोंडे उघडी पडतात. गार, गोड वा आंबट पदार्थ लागताच नलिकांतील द्रव हलतो व गाभ्याजवळचे मज्जातंतू चेतवले जातात. स्वीडनचे मार्टिन ब्रॅनस्ट्रॉम यांनी १९६० च्या दशकात प्रयोगांनी या मताला बळकटी आणली. आज तेच सर्वसाधारणपणे ग्राह्य मानतात.

यावरून उपायाचे दोन मार्ग निघतात. पहिला, नलिकांची तोंडे बुजविणे. १९६१ साली निघालेल्या सेन्सोडाइनमध्ये त्यासाठी स्ट्रॉन्शियम क्लोराइड होते. पुढे स्टॅनस फ्लोराइड, आर्जिनिन इत्यादी द्रव्ये आली. दुसरा, मज्जातंतूंस शांत करणे. १९७४ साली अमेरिकन दंतवैद्य मिल्टन होडोश यांनी यासाठी पोटॅशियम नायट्रेट सुचविले. हा म्हणजे बंदुकीच्या दारूत पडणारा आपला सोराच! टूथपेस्टमध्ये तो शेकडा ५ इतका घालतात.

आता कसोटीकडे वळू. कळ असलेल्या लोकांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडतात. एकास औषधी टूथपेस्ट, दुसऱ्यास तशीच दिसणारी पण औषध नसलेली. कोणती कोणाकडे हे रुग्णासही ठाऊक नसते व तपासणाऱ्यासही नसते. मग दातावर क्षणभर हवेचा झोत सोडून वेदनेस ० ते ३ गुण देतात. तसेच बारीक सळईने दहा-दहा ग्रॅमने दाब वाढवीत कळ केव्हा येते ते पाहतात. हाच क्रम साधारणतः चार व आठ आठवड्यांनी पुन्हा करतात.

यात ध्यानी धरण्याजोगी गोष्ट ही, की औषध न मिळालेल्या गटालाही बराच आराम पडतो! कारणे सरळ आहेत. मनुष्य उपाय शोधतो तो कळ शिगेला पोचल्यावर, आणि ती पुढे आपोआपही ओसरते. लाळेतील क्षार नलिका हळूहळू बुजवितात. शिवाय गुण येणार ही आशा असतेच. म्हणून औषधाचा गुण म्हणजे दोन गटांतील फरक, एकट्याचा अनुभव नव्हे. २००६ साली कॉक्रेन संस्थेने पोटॅशियमयुक्त टूथपेस्टच्या सहा चाचण्या एकत्र तपासल्या. हवेच्या व स्पर्शाच्या कसोटीत फरक दिसला. परंतु रुग्णांच्या स्वतःच्या सांगण्यात तो ठामपणे दिसला नाही. अर्थात अशी टूथपेस्ट निरुपयोगी नव्हे, पण जादूही नव्हे.

घरी काय करावे? दिवसातून दोनदा, मऊ ब्रशने, हलक्या हाताने दात घासावेत व पेस्ट थुंकल्यावर खळखळून चुळा भरू नयेत. कोळसा, राखुंडी वा खरखरीत मंजन वापरू नये; त्याने दात झिजतात. मिशेरीत तर तंबाखू असतो, ती सर्वथा वर्ज्य. आंबट खाल्ल्यावर अर्धा तास तरी ब्रश लावू नये. आरंभीची कळ वहीत टिपून ठेवावी आणि चार आठवड्यांनी ताडून पाहावी. उतार नसल्यास दंतवैद्यांकडे जावे.

काही लक्षणे मात्र चार दिवसही थांबण्याजोगी नाहीत. गार पाणी गिळून झाल्यावरही ठणका राहणे, रात्री झोपमोड होणे, एकाच दाताने चावताना दुखणे, किंवा दाताला खड्डा दिसणे, ही कीड वा तडा यांची चिन्हे असू शकतात. तेथे टूथपेस्ट बदलीत बसल्यास वाचविता येण्याजोगा दात हातचा जातो. कळ ही दाताने दिलेली सूचना होय. ती दडपण्यापूर्वी तिचे म्हणणे ऐकून घ्यावे, हेच शहाणपण.