रीडिंग जुळवू नकोस

जालना

चि. ताईस,

बारावीनंतर बी.एस्सी. करायचे आणि मेजर विषय केमिस्ट्री घ्यायचा, हे तू ठरवलेस. घरातल्या मोठ्या माणसांना अजून ते पुरते पटलेले नाही आणि 'पुढे काय?' हा प्रश्न तुला रोज ऐकावा लागतो. त्या प्रश्नाकडे येतोच. त्याआधी एक गोष्ट मनापासून सांगायची आहे: या तीन-चार वर्षांत प्रॅक्टिकलला एकही रीडिंग जुळवून लिहू नकोस. जुळवणे कसे चालते ते तुला लवकरच दिसेल. ब्युरेटवर एकदा ९.८ येते, दुसऱ्यांदा १०.४ येते, वेळ संपत आलेली असते, शेजारच्या टेबलावर कुणीतरी 'उत्तर १० यायला पाहिजे' म्हणते आणि वहीत १०, १०, १० असे तीन आकडे उतरतात. सगळेच करतात म्हणून यात कुणाला काही वावगे वाटत नाही. माझे म्हणणे असे की, केमिस्ट्रीच्या पदवीत कमावण्याजोगी जी मुख्य गोष्ट आहे, ती नेमकी त्या क्षणी हातची जाते.

पाण्याचाच प्रयोग घे. आपल्याकडे उन्हाळ्यात बोअर आणि टँकर यांवरच भिस्त असते, आणि बोअरचे पाणी किती जड आहे हे भांड्याच्या तळाशी बसणारा पांढरा थर सांगतो. कॉलेजात हा जडपणा तू ईडीटीएने मोजशील. ५० मिली पाणी, थोडे बफर, सूचक म्हणून एरिओक्रोम ब्लॅक टी. द्रावण आधी गडद लाल होते, वरून ०.०१ मोलर ईडीटीए थेंबाथेंबाने सोडत गेलीस की ते जांभळट होते आणि एका थेंबाला स्वच्छ निळे पडते. या मापात एक मिली म्हणजे लिटरमागे २० मिलिग्रॅम जडपणा. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची स्वीकार्य मर्यादा २०० मिलिग्रॅम आहे. म्हणजे ९.८ आले तर पाणी मर्यादेच्या आत, १०.४ आले तर बाहेर. ज्या दोन आकड्यांमधला फरक वहीत पुसून टाकला, त्याच फरकात 'चालेल' आणि 'मर्यादेबाहेर' यांची सीमा आहे. जांभळटावर थांबलीस की निळ्यावर, बफर पुरेसा होता का, ब्युरेटच्या टोकात हवेचा बुडबुडा अडकला होता का, हे शोधायला लावणारी गोष्ट म्हणजे तो न जुळणारा आकडा. जुळवून टाकलास, तर शोधायला काही उरतच नाही.

हेच ईडीटीए तुला पुढे मोसंबीच्या बागेत भेटेल. चुनखडीच्या जमिनीत झाडाची नवी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ही लोहाची उणीव. आपली काळी माती बेसॉल्टची, तिच्यात लोह भरपूर असते. पण सामू आठच्या आसपास गेला की ते न विरघळणाऱ्या रूपात अडकते आणि मुळांना मिळत नाही. म्हणून चिलेटेड लोह देतात. त्यातही ईडीटीएने धरलेले लोह अशा जमिनीत टिकत नाही, कॅल्शियम त्याची जागा घेते; ईडीडीएचएने धरलेले टिकते. दोन्हींना 'चिलेटेड आयर्न' असेच म्हणतात. ब्युरेटमधला रेणू कॅल्शियमला किती घट्ट धरतो हे ज्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे, त्याला यात पैसे कुठे वाया जातात ते लगेच कळेल. मात्र मातीचा सामू कुणीतरी खरा मोजून दिला पाहिजे. माती परीक्षणाच्या अहवालावर ७.२ की ८.२, यावर शेतकऱ्याचा हंगामाचा खर्च ठरतो.

एमआयडीसीतल्या पोलादाच्या भट्ट्यांकडे बघ. तिथे भंगार आणि स्पंज आयर्न वितळवून सळई बनवतात. आयएस १७८६ या मानकात एफई ५००डी दर्जाच्या सळईसाठी फॉस्फरसची कमाल मर्यादा ०.०४० टक्के, म्हणजे टनाला ४०० ग्रॅम आहे. फॉस्फरस वाढला की पोलाद ठिसूळ होते आणि इंडक्शन भट्टीतून तो बाहेर काढणे अवघड. हीटचा, म्हणजे भट्टीतल्या एका घाण्याचा, नमुना लॅबमध्ये जातो, आकडा येतो, आणि त्या आकड्यावर पुढचा निर्णय होतो. तू म्हणशील, आता तर स्पेक्ट्रोमीटर क्षणात आकडा देतो, माणसाचे काय काम? यंत्र प्रमाण नमुन्याशी ताडून घेतलेले आहे की नाही, हे माणूसच बघतो. आणि ०.०४३ आल्यावर ०.०३९ लिहायचा मोहसुद्धा माणसालाच होतो. ही सळई कुणाच्या तरी घराच्या स्लॅबमध्ये जाणार असते.

लॉर्ड रॅले यांचे उदाहरण पाठ्यपुस्तकात ओझरते येते, ते नीट वाच. हवेतून मिळवलेला नायट्रोजन अमोनियासारख्या संयुगांतून काढलेल्या नायट्रोजनपेक्षा सुमारे अर्धा टक्का जड भरत होता. अर्धा टक्का सहज 'प्रयोगातील चूक' म्हणून खपला असता. त्यांनी तो फरक जाहीरपणे मांडला, स्पष्टीकरण मागितले, आणि रॅम्से यांच्यासह केलेल्या कामातून १८९४ मध्ये आर्गॉन सापडला. हवेत जवळपास एक टक्का असलेला वायू तोवर कुणी ओळखला नव्हता.

आता आक्षेप. परीक्षक बरोबर उत्तराला गुण देतात, मग खरे रीडिंग लिहून तोटा का करून घ्यायचा? काही ठिकाणी एखाद-दुसरा गुण खरेच जाईल. जाऊ दे. व्हायवात 'इतका फरक का आला' याचे उत्तर तुझ्याजवळ असेल आणि जाणता परीक्षक ते ओळखतो. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: आपल्याकडे किती तरी कॉलेजांत साहित्य अपुरे, एका ब्युरेटवर चौघे, रसायने संपलेली. त्याबद्दल विद्यार्थ्यांनी मागणी केलीच पाहिजे, गप्प बसण्यात शहाणपण नाही. पण टायट्रेशनला महागडे यंत्र लागत नाही, आणि चौघांत एक ब्युरेट असेल तर चौघांची चार रीडिंग होतात. ती शेजारी शेजारी मांडून फरक का पडला ते बोला. एकट्याने तीनदा केल्यापेक्षा जास्त कळेल.

राहिला नोकरीचा प्रश्न. नुसत्या बी.एस्सी.वर सुरुवातीचा पगार थोडा असतो, ही घरच्यांची काळजी रास्त आहे आणि तिला उडवून लावू नकोस. पण हा रस्ता तिथे संपत नाही. वाळूज-शेंद्र्याच्या औषध कारखान्यांतले क्वालिटी कंट्रोल, बियाणे कंपन्यांच्या आणि मातीच्या प्रयोगशाळा, सळईच्या गिरण्या, ही कामे आपल्या घरापासून लांब नाहीत. पुढे जॅमची परीक्षा देऊन आयआयटीतून एम.एस्सी. करता येते आणि तिथून पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेपर्यंत वाट आहे. १९३३ साली सुरू झालेल्या मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचा परिसर आता जालन्यातही आहे. तिथला अभ्यास वेगळा, केमिकल इंजिनिअरिंगच्या अंगाचा, पण एकदा जाऊन पाहून ये. मुंबई विद्यापीठाची केमिस्ट्रीची बी.एस्सी. घेऊनच जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी बंगळूरला गेल्या, पुढे १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवली, आणि परत येऊन नीरेसारख्या गोरगरिबांच्या आहारातल्या पदार्थांचे पोषणमूल्य मोजत राहिल्या. तेही काम ब्युरेट आणि तराजूचेच. या प्रत्येक ठिकाणी तुला कामावर घेणारा माणूस शेवटी एकच पाहणार: हिने दिलेल्या आकड्यावर सही करता येईल का?

म्हणून एक कर. जर्नल वेगळे आणि कच्ची वही वेगळी ठेव. कच्ची वही बांधलेली, पाने क्रमांक घातलेली असू दे. तीत पेनानेच लिही, चुकलेला आकडा एका रेषेने खोड पण वाचता येईल असा राहू दे, आणि बाजूला कारण लिही. खोडरबर लॅबमध्ये नेऊच नकोस. पहिल्या सत्राच्या प्रॅक्टिकलची यादी लागली की मला पाठव. कुठला प्रयोग घरच्या बोअरच्या पाण्यावर करून बघता येईल ते कळवीन. आईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा