सिग्नल ११ म्हणजे क्रॅश नव्हे!

प्रत्येक बॅचमध्ये एक तरी ग्रुप असा असतो, ज्याचा प्रोजेक्ट अर्धा जावात आणि अर्धा सी मध्ये असतो. स्क्रीन, बटणं, डेटाबेस जावात आणि मशीनशी बोलणारा भाग सी मध्ये. दोघांना जोडणारा पूल म्हणजे जेएनआय, अर्थात जावा नेटिव्ह इंटरफेस. सबमिशनच्या आठवड्यात असा प्रोजेक्ट बंद पडला की चूक पुलाच्या अलीकडे शोधायची की पलीकडे, हेच कळत नाही. सी साठीचा जीडीबी सगळ्यांना माहीत असतो, पण तो जावावर लावला की विचित्र वागतो. तो तसा का वागतो आणि त्याला कामाला कसं लावायचं, एवढंच या लेखात सांगायचं आहे.

(सिग्नलला 'संकेत' आणि थ्रेडला 'धागा' म्हणून पाहिलं, पण कॉन्व्हेंटमधल्या शाळेच्या वर्षांनी साथ दिली नाही! म्हणून शब्द लॅबमधलेच ठेवलेत. कमांड्स देवनागरीत आहेत, टाइप अर्थातच इंग्रजीत करा.)

एक प्रोसेस, दोन मजले

सी चा प्रोग्रॅम कंपाइल झाला की त्याचा मशीन कोड फाइलमध्ये जाऊन बसतो. कोणतं फंक्शन कुठे आहे ते जीडीबीला सिम्बॉल टेबलवरून कळतं. ब्रेकपॉइंट लावताना तो त्या जागेवरचा एक बाइट काढून ठेवतो आणि तिथे इंटेल प्रोसेसरची २०४ नंबरची (हेक्समध्ये सीसी) इन्स्ट्रक्शन लिहितो. प्रोसेसर तिथे पोचला की थांबतो. झालं काम!

जावाचं तसं नाही. क्लास फाइलमध्ये असतो बाइटकोड. तो प्रोसेसरला कळत नाही, जेव्हीएमला कळतो. जेव्हीएम आधी तो इंटरप्रिट करते आणि एखादी मेथड वारंवार चालायला लागली की चालता चालता तिचा मशीन कोड बनवते. हाच जस्ट-इन-टाइम म्हणजे जेआयटी कंपायलर. हा कोड डिस्कवरच्या प्रोग्रॅम फाइलमध्ये नसतो. तो मेमरीत तयार होतो आणि कधी कधी टाकूनही दिला जातो. जीडीबीच्या दृष्टीने इथे चालणारा प्रोग्रॅम म्हणजे जेव्हीएम, जी मुख्यतः सी प्लस प्लस मध्ये लिहिलेली आहे. आपली जावा मेथड त्याच्या लेखी नुसता डेटा. म्हणूनच बॅकट्रेस घेतला की जावाच्या फ्रेम्सच्या जागी नुसती दोन प्रश्नचिन्हं दिसतात. जीडीबी बिघडलेला नसतो, आपण त्याला वरच्या मजल्यावरचा प्रश्न विचारलेला असतो.

वरच्या मजल्याची सोय वेगळी आहे. जेव्हीएमच्या स्पेसिफिकेशनमध्ये २०२ नंबरचा ऑपकोड (हेक्समध्ये सीए) खास ब्रेकपॉइंटसाठी राखून ठेवला आहे. २००० साली आलेल्या जे२एसई १.३ पासून डीबगरसाठी जेपीडीए नावाची रचना जावासोबतच मिळते. त्यात डीबगर आणि जेव्हीएम जेडीडब्ल्यूपी या प्रोटोकॉलने बोलतात. ओळख कशी पटवतात माहितीये? डीबगर 'जेडीडब्ल्यूपी-हँडशेक' असं इंग्रजीत, मधली रेघ धरून १४ अक्षरं पाठवतो आणि जेव्हीएम तीच १४ अक्षरं परत पाठवते. त्यानंतरच्या प्रत्येक पॅकेटला ११ बाइटचा हेडर असतो. जेडीबी असो की एक्लिप्स, पडद्यामागे हीच भाषा चालते.

हे सुरू करायला जावा चालवताना 'एजंटलिब' हा ऑप्शन द्यायचा. त्यात जेडीडब्ल्यूपी, सॉकेटचा ट्रान्सपोर्ट, सर्व्हर वाय, सस्पेंड वाय आणि पोर्ट नंबर, उदा. ५००५, असं सगळं येतं. सस्पेंड वाय दिलं की जेव्हीएम मेन सुरू होण्याआधीच डीबगरची वाट बघत थांबते. इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा:

१) जावासी चालवताना 'डॅश जी' द्या. नाही दिलं तर लाइन नंबर मिळतात, पण लोकल व्हेरिएबल्स दिसत नाहीत.

२) २०१७ च्या जेडीके ९ पासून नुसता पोर्ट नंबर दिला तर फक्त त्याच मशीनवरून कनेक्ट होता येतं. दुसऱ्या मशीनवरून हवं असेल तर पोर्टच्या आधी स्टार आणि कोलन द्यावा लागतो. पण जरा जपून! जेडीडब्ल्यूपीला पासवर्ड नाही. जो कनेक्ट होईल तो तुमच्या जेव्हीएममध्ये हवा तो कोड चालवू शकतो. हॉस्टेलच्या लॅनवर हे पोर्ट रात्रभर उघडं ठेवून झोपू नका!

खोटी घंटा

आता मुख्य मुद्दा. लिनक्सवर अगदी हॅलो वर्ल्डचा जावा प्रोग्रॅम जीडीबीमध्ये चालवून बघा. बहुतेक मशीनवर मेनपर्यंत पोचायच्या आतच जीडीबी थांबतो आणि सांगतो, सिगसेगव्ही, सेगमेंटेशन फॉल्ट. हाच तो सिग्नल ११. सी च्या प्रोग्रॅममध्ये हा दिसला की सगळं संपलं, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पण जेव्हीएम हा सिग्नल स्वतःहून, मुद्दाम ओढवून घेते! त्याची तीन कारणं बघू.

पहिलं, सुरुवातीची तपासणी. ऑपरेटिंग सिस्टिम सिग्नलच्या वेळी प्रोसेसरचे मोठे रजिस्टर्स नीट सांभाळते का, हे बघायला इंटेल-एएमडी मशीनवर हॉटस्पॉट जेव्हीएम एकदा मुद्दाम नल पत्त्यावर वाचते.

दुसरं, नल पॉइंटर. प्रत्येक ऑब्जेक्ट वापरण्याआधी 'हा नल आहे का?' असं तपासत बसलं तर वेळ जातो. म्हणून जेआयटीने बनवलेला कोड बऱ्याच ठिकाणी तपासतच नाही, सरळ वापरतो. खरंच नल निघाला तर सिग्नल ११ येतो, जेव्हीएमचा हँडलर तो पकडतो आणि आपल्याला नलपॉइंटरएक्सेप्शन मिळतं.

तिसरं, स्टॅक. प्रत्येक जावा थ्रेडच्या स्टॅकच्या टोकाशी जेव्हीएम काही पेजेस कुलूपबंद ठेवते. रिकर्शन तिथे जाऊन आदळलं की पुन्हा ११, आणि त्याचं होतं स्टॅकओव्हरफ्लोएरर.

हॉस्टेलच्या भाषेत सांगायचं तर मेसवाले काका रोज पहाटे रेक्टरांच्या परवानगीने मागच्या गेटने भाजी आणतात. नवीन वॉचमनला हे माहीत नसतं, म्हणून तो रोज शिट्टी फुंकतो. वॉचमन त्याचं काम करतोय, फक्त त्याला कुणीतरी सांगायला हवं. ते सांगायची कमांड अशी: हँडल सिगसेगव्ही नोस्टॉप नोप्रिंट पास. म्हणजे थांबू नकोस, ओरडू नकोस, सिग्नल पुढे जेव्हीएमकडे जाऊ दे. यातला 'पास' विसरू नका, जेव्हीएमला तिचा सिग्नल मिळायलाच हवा.

मग खरा चोर आला तर? तो निसटत नाही. आलेला ११ आपला नाही असं हँडलरला कळलं की जेव्हीएम एरर फाइल लिहिते आणि शेवटी अबॉर्ट करते. म्हणजे सिगअबॉर्ट, सिग्नल ६. जीडीबी त्यावर थांबतोच. तिथे बॅकट्रेस घेऊन 'सिग्नल हँडलर कॉल्ड' ही ओळ शोधा. तिच्या खाली लगेच खरी जागा असते. थोडक्यात, ११ जाऊ द्या आणि ६ वर पकडा.

वजनकाट्याची गोष्ट

आमच्याच विंगमधल्या एका ग्रुपने इलेक्ट्रॉनिक वजनकाटा सीरियल पोर्टने लॅपटॉपला जोडला होता. कधी दहा वजनं नीट यायची, तर कधी दुसऱ्यालाच सगळं बंद. जीडीबी लावला तर मेनच्याही आधी सिग्नल ११! निष्कर्ष निघाला की जावाच खराब आहे. सबमिशनला तीन दिवस होते. सी चा भाग काढून टाकायचा आणि फाइलमध्ये आधीच लिहिलेली रीडिंग्ज वाचून वजन 'दाखवायचं', असं जवळजवळ ठरलं. सीरियल पोर्टचा कोड अख्खं सेमिस्टर लिहिणारी मुलगी मात्र तयार नव्हती. मोजलं नाही ते दाखवणार नाही, एवढंच ती म्हणत होती.

फोल्डरमध्ये 'एचएस-एरर' नावाने सुरू होणाऱ्या बारा फाइल्स पडल्या होत्या. त्यातली एक उघडली. 'प्रॉब्लेमॅटिक फ्रेम' या ओळीत सुरुवातीला एक अक्षर असतं: सी म्हणजे नेटिव्ह कोड, मोठा व्ही म्हणजे जेव्हीएम स्वतः, छोटा जे म्हणजे इंटरप्रिट होणारी जावा, मोठा जे म्हणजे कंपाइल झालेली जावा. इथे होता मोठा व्ही. म्हणजे जेव्हीएमचाच बग? थांबा, त्याच फाइलमध्ये खाली नेटिव्ह फ्रेम्सची यादी असते. तिथे व्ही च्या ओळींनंतर सी ची एक ओळ होती आणि त्यात तिच्याच फंक्शनचं नाव. जीडीबीत ११ जाऊ दिला, ६ वर थांबलो, तर तेच फंक्शन लाइन नंबरसकट समोर आलं.

जावाने पहिल्या कॉलमध्ये पाठवलेला ऑब्जेक्ट सी ने स्टॅटिक व्हेरिएबलमध्ये ठेवला होता आणि पुढच्या कॉलमध्ये वापरला होता. जेएनआयमध्ये असा मिळालेला रेफरन्स लोकल असतो. नेटिव्ह मेथड संपली की त्याची मुदत संपते. जपून ठेवायचा असेल तर न्यूग्लोबलरेफ करावं लागतं. मग जावाला 'एक्सचेक जेएनआय' ऑप्शन देऊन चालवलं, तर जेव्हीएमनेच स्पष्ट तक्रार केली: बॅड ग्लोबल ऑर लोकल रेफ. कोडमध्ये एक ओळ बदलली आणि काम संपल्यावर ग्लोबल रेफरन्स सोडायची एक ओळ वाढली. व्हायव्हाच्या टेबलावर खराच काटा ठेवला आणि सरांनी स्वतःचा मोबाइल त्यावर ठेवून वजन बघितलं.

दोन्ही डीबगर एकत्र

पुलाच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी बघायचं असेल तर क्रम महत्त्वाचा आहे. जावा सस्पेंड वायने सुरू करा. जेडीबी जोडा, नेटिव्ह मेथडच्या कॉलच्या ओळीवर ब्रेकपॉइंट लावा आणि तिथपर्यंत या. मग प्रोसेस नंबर देऊन जीडीबी जोडा, ११ ची सूचना द्या, सी च्या फंक्शनवर ब्रेकपॉइंट लावा. लायब्ररी अजून लोड झाली नसेल तर जीडीबी ब्रेकपॉइंट पेंडिंग ठेवू का विचारतो, तेव्हा वाय म्हणा. आधी जीडीबीला कंटिन्यू द्या, नंतरच जेडीबीला. कारण जीडीबीने थांबवलं की अख्खी जेव्हीएम थांबते, जेडीबीशी बोलणारा एजंटसुद्धा! तेव्हा जेडीबी हँग झाल्यासारखा वाटेल, पण तो बिचारा नुसता वाट बघत असतो.

उबुंटूवर जीडीबी जोडताना 'ऑपरेशन नॉट परमिटेड' आलं तर घाबरू नका. आपण सुरू न केलेल्या प्रोसेसला सहज हात लावता येऊ नये म्हणून २०१० पासून तिथे हे बंधन आहे. सुडोने जोडा.

आणि हो, एचएस-एरर फाइल्स कचरा समजून डिलीट करू नका. प्रोजेक्ट बंद पडला की मित्राला हाक मारायच्या आधी ती फाइल उघडा आणि ते एक अक्षर वाचा.